मधल्या सुट्टीची सोबत

आईने दप्तर धुवायला घेतलं आणि वह्यांमागून भाजी चिरायचा चाकू खणकन फरशीवर पडला. आठवीतल्या लेकीला तिने गदागदा हलवलं.

"कुणाच्या जिवावर उठलीस गं?"

"कुणाच्याच नाही."

"त्या पोरी अजून मारतात? मी उद्या पुन्हा मुख्याध्यापकांकडे जाते."

"तीनदा जाऊन आलीस, आई. 'मुलींचं चालायचंच' म्हणाले ना ते?"

आईने चाकू उचलून कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

लेक रडकुंडीला आली. "नको ना गं! तो दप्तरात आहे हे कळल्यापासून माझ्या वाट्याला कुणी जात नाही. मार खाणाऱ्या आणखी दोघी डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसतात. आता कुठे मला मैत्रिणी मिळाल्यात, आई."