बासष्टावा डाव

खालच्या कोपऱ्यातली शेळीच नव्हती. शेफालीने अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. शेळी काही उगवली नाही.

भोरच्या छापखान्यातून तीनशे ऐंशी अंक आले होते. निम्मे पाकिटांत भरून, पत्ते चिकटवून भिंतीला लावले होते. मार्गासनीच्या त्या दोन खोल्यांत आता पाय ठेवायला जागा नव्हती. शेफाली मधोमध बसली होती आणि चारी बाजूंनी ‘पटावर’चे गठ्ठे होते. बैठ्या खेळांच्या शौकिनांसाठी निघणारं हे त्रैमासिक. लिहिणं तिचं, मांडणी तिची, पत्ते तिचे, वाचकांच्या शिव्याही तिलाच. शेवटचं पान मात्र तिच्या आईचं.

बनाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण त्यांनी जन्मभर शेळ्या वळल्या होत्या आणि कातळावर कोळशाने पट आखून वाघ-शेळीचे डाव मांडले होते. वाघ उडी मारून शेळी खातो. शेळ्यांनी त्याला असं घेरायचं, की त्याला कुठेच सरकता येऊ नये. वाघ कोंडला, की शेळ्या जिंकल्या. बनाबाई दर अंकाला एक डाव मांडायच्या, शेफाली तो कागदावर उतरवायची आणि खाली छापायची: ‘तीन चालींत वाघ कोंडा.’ एकसष्ट डाव झाले, एकही चुकला नव्हता. हा बासष्टावा. यात कोपऱ्यातली जागा मोकळी होती आणि वाघ तिथून खुशाल बाहेर पडत होता.

‘पटावर’चे वाचक म्हणजे साधीसुधी माणसं नव्हेत. एकदा एक बाण उलटा छापला गेला, तर वाईच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी तीन पानी पत्र धाडलं होतं, आकृत्यांसह. त्यात टपालाची सवलत ठरलेल्या तारखेचीच. आज तीनच्या आत अंक भोरच्या पोस्टात पडायलाच हवे होते. शेफाली दुकानात पळाली आणि काळ्या टिकल्यांची होती नव्हती ती सगळी पाकिटं घेऊन आली. भरलेली पाकिटं तिने पुन्हा उघडली. एक अंक, एक टिकली, एक शेळी.

आईचं आता वय झालं, असं तिच्या मनात आलं. म्हणजे आता तर आपलं हलणं नाहीच. मोबाईलमध्ये चार दिवस एक निरोप लिहून पडला होता: ‘क्षमस्व, मला येता येणार नाही.’ बंगळूरच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने तिला बोलावलं होतं. नवे खेळ रचायचे, तेवढंच काम. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ती पुण्याची नोकरी सोडून घरी आली होती. आईचं मन रमावं म्हणून तिने हे त्रैमासिक काढलं आणि आता आई त्याच्यावरच जगते, अशी तिची खात्री होती. आईला बरोबर न्यावं, तर बंगळूर म्हटलं की ती तोंड फिरवणार. एकटं ठेवावं, तर जीव धजत नाही. शेफालीला जायचं होतं. फार जायचं होतं. म्हणून तर तो निरोप अजून गेला नव्हता.

दर वेळी तिकिटं लावायला हौसेने पुढे सरसावणाऱ्या बनाबाई आज उंबऱ्यात नुसत्या बसून होत्या.

“आई, जरा टिकल्या सोडवून दे ना.”

“न्हाई देणार. तितं म्या शेळी ठिवलीच न्हवती.”

“विसरलीस गं. होतं असं.”

“शेळ्या इसरीन व्हय म्या?” बनाबाई चिडल्या. “आलेलं हरेक पत्र मला वाचून दावतीस. त्या बंगळूरच्या पाकिटावर फासा काढला हुता, ते तेवढं डब्याखाली सारलंस. टेम्पोवाल्या अमृतकडनं घेतलं म्या वाचून.”

शेफालीच्या हातातली टिकली बोटालाच चिकटून राहिली.

“तुला टाकून कशी जाऊ?” ती कसंबसं म्हणाली.

“मला टाकून! तुजी फुलामावशी पंधरा वरसं भाटघरला बोलावतीया. दोगी भैनी मिळून ऱ्हाऊ म्हणती. म्या जात न्हाई. का? तर पोरगी हितं एकटी पडंल.”

शेफालीला हसू आलं आणि रडूही आलं. पंधरा वर्षं दोघी एकमेकींसाठी थांबल्या होत्या आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं.

बाहेर अमृतच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. आता टिकल्यांना वेळ नव्हता. निम्म्या वाचकांचा वाघ कोंडलेला, निम्म्यांचा सुटलेला. हेडमास्तरांचं पत्र या खेपेला सहा पानी येणार, यात शंका नव्हती. गठ्ठे चढले. मागोमाग बनाबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. ते कधीच बांधून तयार होतं.

“वाटंत भाटघरला उतरव मला,” त्या अमृतला म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

शेफाली शेजारी बसली. तिने मोबाईल काढला, चार दिवसांचा निरोप पुसला आणि दुसरा लिहून लगेच पाठवला. टेम्पो नसरापूरच्या रस्त्याला लागला, तरी तिच्या डोक्यातून तो डाव जाईना.

“पण आई, वाघ सुटला म्हणजे शेळ्या हरल्याच की.”

“हरत्यात कशाला?” बनाबाईंनी गुडघे चोळत पाय लांब केले. “वाघ कोंडून ठिवायचा, तर शेळीलाबी जागचं हलता येत न्हाई, बाई. पंधरा वरसं एका जागी हुबी हुते म्या. आज हलले.”