येतेस का?

थोरल्या नातीला मुलगी झाली, त्या वर्षी धाकटी नात एका मोबाइल गेमची चित्रं करत होती. गेम फोनवर घेण्याआधी लोक बघतात ना, ती चित्रं. गेम लपंडावाचा होता आणि प्रत्येक भाषेसाठी चित्र वेगळं. मी साठीनंतर अक्षरं शिकले, त्यामुळे मराठी चित्रातल्या बटणावरची ओळ बोट ठेवून वाचली, "येतोस का खेळायला?"

"आणि मुलींना कोण बोलावणार गं?"

"'येता का' लिहू, आजी? दोघांनाही चालेल."

"खेळायला बोलावताना कोणी अहो-जाहो करतं का?"

ती हसली. "जागा एवढीशी आहे. साहेब आधीच म्हणतात, तुमची मराठी फार लांब."

"मग दोन चित्रं कर."

कुरकुरत का होईना, तिने दुसरं चित्र केलं. त्यावर लिहिलं, "येतेस का खेळायला?" मी ते तीनदा वाचलं.

माझ्या लहानपणी आमच्या दारात पोरं हाका मारायची, त्या दादाला. एकदाच त्याने उंबऱ्यावरून मागे वळून मला विचारलं होतं, "तू येतेस का?" माझे हात राखेने भरलेले होते. म्हटलं, "तू हो पुढे, एवढी भांडी घासून आलेच."

मी चित्रातलं बटण दाबलं.

"अगं आजी, ते नुसतं चित्र आहे. गेम अजून यायचाय."

दादाने विचारलं, त्याच आठवड्यात तो तापाने गेला. तो अकरा वर्षांचा होता, मी आठ.