कामाला आहे

एम.एस्सी. झालेला सुदर्शन सहा वर्षं चाकूरला घरीच स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, सगळ्यांचे बेरोजगारीचे दर त्याला तोंडपाठ होते.

एक दिवस सरकारी रोजगार सर्वेक्षणाच्या बाई आल्या. "गेल्या आठवड्यात काही काम केलंत?"

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

"आसं कसं? म्हशीचं समदं त्योच बघतो की," त्याची आई, केवळाबाई, मध्येच बोलली.

"दूध विकता ना? मग हे कामच झालं. म्हणजे हे बेरोजगार नाहीत," म्हणत बाईंनी टॅबवर नोंद केली.

देशांचे दर कसे ठरतात, ते सुदर्शनला आज कळलं. त्याला हसू येईना.



केवळाबाईनं मात्र हात जोडले. "बाई, एवढं कागदावर लिहून द्या. पोरगं बेकार हाय म्हणून पोरीवाले दारातून परत जायलेत."