अर्धा इंच

धाकटीच्या हातात थोरलीची रंगपेटी पाहून शिंपीणबाईंचं डोकं फिरलं. जिवापाड जपलेली पेटी थोरलीने देऊन टाकली होती. "मला आता कशाला लागतेय," म्हणाली होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा अकरा वर्षांची ती पोर रडायलाच लागली. छातीत एका बाजूला गाठ आली होती, गेलेल्या मावशीला आली होती तशी.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काही झालेलं नाही. वयात येताना निपलखाली अशी दुखरी गाठ येते, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला. दुसरी येईल मागून."

घरी येताच आई कडाडली, "तीन महिने तोंड शिवलं होतं का? मला विचारता येत नव्हतं?"

"विचारलं होतं. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर काय होतं, म्हणून. तू म्हणालीस, असलं बोलू नये."

आईने मशीनवरचा गिऱ्हाइकाचा ब्लाउज पुढ्यात ओढला. पोरीने त्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून पाहिली.

"ही बाजू अर्धा इंच मोठी झालीय. चुकलंय तुझं."

"चुकलं नाही. पुष्कळ जणींना तसंच लागतं. वीस वर्षं तसंच शिवतेय मी."

पोरीने टेप खाली टाकली.

"म्हणजे तुला माहीत होतं."