डावा कॅमेरा

"परत सपाटच," हितेशने पेटीतून डोळे काढले आणि ती टेबलावर आदळली.

पेटी त्यानेच बनवली होती. बुटाच्या उघड्या खोक्याला एका बाजूने दोन भिंगं, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, समोर शेजारी शेजारी दोन फोटो. लाकडी पट्टीवर दोन सारखे डिजिटल कॅमेरे बसवायचे, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची. मग डाव्या भिंगातून डावा फोटो आणि उजव्यातून उजवा पाहिला, की माणसं कागदातून उठून उभी राहतात. सायबर कॅफेत वाचताना हे फार सोपं वाटलं होतं.

उद्या दापोड्यात केसरीनाथशेठच्या मुलीची हळद होती. भिवंडीत कुणी काढले नसतील असे फोटो शेठला हवे होते, आणि हितेशने फुशारकी मारून होकार दिला होता. आता संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर फोन करून नाही म्हणायचं आणि अख्ख्या टेमघर गावात हसं करून घ्यायचं.

सकाळपासून त्याने कॅमेरे जवळ आणून पाहिले, लांब नेऊन पाहिले. डाव्या कॅमेऱ्यावर त्याचा पहिल्यापासून संशय होता. तो दुकानातून बदलूनही आणला, तर नवाही तसलाच. फोटोसाठी झेंडूच्या कुंड्यांमागे बसवलेली त्याची आई, आक्का, कंटाळून गेली.

"बास झाला रं," ती उठली. "माजा भात करपंल."

पेटी घेऊन तिच्या मागे निघालेल्या हितेशचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. हल्ली ही चौकट त्याला रोजच प्रसाद देत होती.

फोटो स्टुडिओच्या काउंटरवर बसलेली त्याची बायको रुचिका हसली. "नाचता येईना, अंगण वाकडं."

हितेशला ते फार लागलं. शाळेत असल्यापासून तो एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावत आला होता. त्याच्या नजरेचं गावात नाव होतं. जमल्याशिवाय बायकोला पेटी दाखवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. आता तोही हट्ट संपला. त्याने शेठला नाही सांगायला मोबाईल काढला.

"थांबा, मला बघू तरी," म्हणत रुचिकाने पेटी ओढली आणि डोळे लावले. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि हवेतच थांबला.

"आवो, कुंड्या पुढं हायेत, आक्का पार मागं. ह्याला सपाट म्हनता?"

त्याने फेकून दिलेली फोटोंची दुसरी जोडी तिने लावून पाहिली. मग तिसरी. सगळीकडे तेच.

"थट्टा नको करू. आधीच डोकं उठलंय माझं."

"थट्टा न्हाय. तुमी घाईत बघता. या इकडं."

तिला मनापासून आनंद झाला होता. शेठला आता बिनधास्त होय सांगता येणार होतं. हितेश नाराजीनेच पेटीवर वाकला.

"आता मी एक फोटो झाकते," ती समजावत म्हणाली. "ऱ्हाईल तो सपाट दिसंल. मग हात काढते, म्हंजे फरक कळंल."

तिने उजव्या फोटोवर तळहात ठेवला. डावा उघडाच होता.

"दिसला?"

"काय दिसणार?" हितेश वैतागला. "दोन्ही झाकलेस तू. एकच झाक."