बाळंतपणाची रजा

"बाळंतपणाची रजा? तुम्हाला?" राजोपाध्ये साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. "अहो टेंबे, काहीतरीच काय!"

"मुलीचं बाळंतपण, साहेब," श्यामसुंदर टेंबे म्हणाले. "पहिलं आहे. माहेरी व्हायला हवं. आणि तिचं माहेर म्हणजे आता मीच."

साहेब वरमले. टेंब्यांची बायको सुमन गेली, तेव्हा चंदीगडच्या या विमा कंपनीतले झाडून सगळे सांत्वनाला गेले होते. पण बापानं लेकीचं बाळंतपण करायचं, हे काही साहेबांच्या सांगलीकर डोक्यात शिरेना. टेंब्यांच्या नातेवाइकांच्याही शिरलं नव्हतं. कुणी हसलं, कुणी "बघू हं, किती दिवस जमतंय" म्हणालं. टेंब्यांनी मनावर घेतलं नाही. बहीण नयनाला रोज व्हिडिओ कॉल करून त्यांनी आळिवाचे लाडू शिकून घेतले. पहिल्या खेपेचे अडकित्त्यानं फोडावे लागले. दुसऱ्या खेपेचे चक्क खाता आले. बत्तीस सेक्टरच्या इस्पितळात नावही घालून झालं. आता अडत होतं ते एकाच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे ऑफिसातला जुना सर्व्हर. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधल्या इस्पितळांतून पेशंटच्या उपचारांसाठी मंजुरी मागायला जे जे येई, ते सगळं या एका मशीनवर येऊन आदळायचं. मग ते मशीनच बसायचं, बंद पडायचं. सोमवारी सकाळी तर हमखास. आणि त्याला उठवायचं कुणी? टेंब्यांनी. जेवणाच्या ताटावरून उठून उठवायचं. सुमनच्या तेराव्याच्या दिवशीही त्यांनी त्याला फोनवरून उठवलं होतं.

त्यांच्या लेकीनं, ऋचानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर आज सकाळीच तिचा हैदराबादहून फोन आला. "पापा, सच बताओ. तुम्ही घरी असणार ना, पक्का? की सर्व्हरकडे पळणार? नाहीतर मी इथेच राहते यार. सासूबाई नाही म्हणत नाहीयेत."

"दुपारपर्यंत सांगतो," टेंबे म्हणाले होते. लेकीनं माहेरी यायला अशी खात्री मागावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

"तुम्ही गेलात की तो बसणार," साहेब आता समजुतीनं म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतो का तो?"

"बसू दे ना साहेब! आता तो एकटा कुठे आहे?"

शनिवारी टेंब्यांनी शेजारी एक नवा सर्व्हर बसवला होता, आणि दोघांच्या पुढ्यात लोड बॅलन्सर बसवून सुरू केला होता. लग्नात दाराशी उभं राहून पाहुण्यांना या पंगतीला, त्या पंगतीला बसवणारा माणूस असतो, तसं याचं काम. आलेलं काम मोकळ्या सर्व्हरकडे धाडायचं. एक आडवा झाला, तर सगळं दुसऱ्याकडे.

"कागदावर सगळंच चालतं हो," साहेब म्हणाले.

"मग आत्ता जुना बंद करून दाखवतो."

"सोमवारी? या गर्दीत? वेडबीड लागलंय का? तिकडे पेशंट खोळंबतील आणि इकडे माझी मान जाईल!"

टेंब्यांनाही पुरती खात्री नव्हतीच. शनिवारी त्यांनी करून पाहिलं होतं, पण तेव्हा काम कुठलं होतं? खऱ्या गर्दीत कधीच नाही. तरी ते हटले नाहीत. "काम अडलं तर रजेचा अर्ज मी माझ्या हातानं फाडतो. मुलीला येऊ नको म्हणून सांगतो. पुन्हा रजेचं नाव काढणार नाही."

साहेब उठले. "चला. काम चालू राहिलं तर रजा मंजूर. हवी तेवढी. पण बटण तुम्ही दाबायचं. मला बघवणार नाही."

हॉलमध्ये तक्रारींच्या फोनपाशी हरलीन निवांत रेवड्या खात बसली होती. "बघा, सोमवार सकाळ आणि बाईसाहेबांची पिकनिक!" साहेब पुटपुटले. टेंब्यांना ऐकू गेलं नाही. ते मनातल्या मनात गजानन महाराजांना हाका मारत होते.

सर्व्हरच्या खोलीत एसी घरघरत होता. साहेब दारातच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. टेंबे जुन्या सर्व्हरपाशी वाकले. कुठल्याशा इस्पितळात खिडकीपुढे फाइल घेऊन उभं असलेलं माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग ऋचा आली. त्यांनी बोट पुढे केलं.

"दाबलं?" साहेबांनी विचारलं.

टेंबे आणखी खाली वाकून बघत होते.

"अहो, दाबलं का? हरलीन! फोन वाजतोय का गं... बज रहा है क्या?"

"नहीं सर," हरलीन बाहेरून ओरडली. "सब बढ़िया चल रहा है!"

"वा, टेंबे, वा!" साहेब गर्रकन वळले आणि त्यांनी टेंब्यांच्या पाठीवर दणकन थाप मारली. "जिंकलात! रजा मंजूर! बोलवा लेकीला!"

टेंबे अजून वाकलेलेच होते. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्यांनी खिशातून फोन काढून साहेबांपुढे धरला. ऑफिसात शिरतानाच फोन सायलेंट करायचा हा साहेबांचाच नियम. त्यामुळे लोड बॅलन्सरनं धाडलेला निरोप सकाळपासून न वाचलेला पडून होता.

"मी काहीच दाबलं नाही, साहेब," टेंबे म्हणाले. "हा जुना तर ऑफिस उघडलं तेव्हाच बंद पडलाय."