वीतभर बीळ

शूमेईने सुई आणखी हलकी धरली. पिवळ्या मातीच्या दगडातून आधी लिंबाएवढी कवटी वर आली, मग वाकलेला कणा. लाखो वर्षांपूर्वीचा उंदीर, आपल्याच बिळात गाडला गेलेला.

"अगं, न्हाऊ घालतेस की काय त्याला?" शेजारच्या टेबलावर गेंड्याचा जबडा साफ करणारी होंगश्या हसली. "जावयाचे नसतील एवढे लाड!"

संग्रहालयातला तरुण संशोधक झोऊ भिंग घेऊन वाकला आणि ओरडलाच.

"काकू, हे पंजांनी नाही, दातांनी खणणारं जनावर! ही समोरची माती बिळाच्या छतातून कोसळलेली. आणि तिच्यात बघा, दातांचे ओरखडे. वीतभर नवं बीळ कोरलंय पठ्ठ्याने!"

"म्हणजे लगेच नाही गेला?" शूमेईने विचारलं.

"छे! दोन दिवस तरी जगला असेल. तीनसुद्धा. काकू, घबाड सापडलंय. तोंडापुढच्या मातीला मात्र हात लावू नका, तोच पुरावा आहे." तो साहेबांना बोलवायला धावला.

शूमेईची सुई थांबली. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा तेशान याच डोंगरात भुयार खणून अशीच दगड झालेली हाडं काढायचा, ड्रॅगनची हाडं म्हणून औषधवाल्यांना विकायचा. एके सकाळी तो आत असतानाच भुयार बसलं. माणूस गिळलेल्या भुयाराचं तोंड सूर्य मावळायच्या आत बुजवायचं, नाहीतर डोंगर दुसरा बळी मागतो, ही गावाची रीत. पहिली मूठ बायकोने टाकायची.

"क्षणात गेला, वहिनी. कळलंसुद्धा नसेल त्याला," दीर म्हणाला होता. त्या एका वाक्यावर तिने मूठ टाकली होती आणि आजवरचे दिवस काढले होते.

जेवणाची घंटा झाली. होंगश्याने नूडल्स खायला हाक मारली, पण ती उठली नाही. तिने सुई खाली ठेवली आणि छिन्नी उचलली.

झोऊ साहेबांना घेऊन परतला तेव्हा टेबल पिवळ्या भुकटीने भरलं होतं. ओरखडे गेले होते. उंदराच्या तोंडापासून दगडाच्या कडेपर्यंत स्वच्छ वाट कोरलेली होती.

"काकू! काय केलंत हे?"

शूमेईने वर पाहिलं नाही. ती कडेची उरलेली माती बोटांनीच उकरत होती.

"चारच बोटं वाट राहिली होती हो त्याची," ती म्हणाली.